दरबारातून आवारात : बडोद्याच्या विद्यापीठात कला सार्वजनिक कशी झाली

१९६१ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या ललित कला विद्याशाखेने आपल्या आवारात एक मेळा भरवला. एरवी कॅनव्हास रंगवणारे, माती मळणारे, दगडावर छिन्नी चालवणारे शिक्षक आणि विद्यार्थी या मेळ्यासाठी खेळणी करायला बसले. लाकूड, चामडे, मणी, बांबू असे जे हाताशी येईल त्यातून वाघ, घोडे, पक्षी तयार झाले. शहरातली माणसे आली, त्यांनी त्या वस्तू पाहिल्या, हाताळल्या आणि परवडतील त्या विकत घेतल्या. स्वातंत्र्योत्तर भारतीय चित्रकलेच्या इतिहासात बडोद्याच्या या संस्थेचे स्थान मोठे आहे. पण तो इतिहास बहुधा चित्रकारांच्या नावांनी, त्यांच्या गटांनी आणि दिल्ली-मुंबईत गाजलेल्या प्रदर्शनांनी सांगितला जातो. मेळा त्यात आला तर विरंगुळा म्हणून येतो. मला हे चुकीचे वाटते. बडोद्यात कला दरबाराच्या हातून नागरिकांच्या हाती आली, आणि या स्थित्यंतरात अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदव्या यांच्याइतकाच वाटा सार्वजनिक कार्यक्रमांचा होता. गायनाचे जलसे, परिषदा, वर्षअखेरीची मांडणी, मेळे आणि गरबा हे सारे शिक्षणाच्या फावल्या वेळात घडलेले नाही. शिक्षणाचे अर्धे काम त्यांनी केले आहे. हे पटण्यासाठी विद्यापीठ स्थापन होण्याच्या सुमारे सत्तर वर्षे मागे जायला हवे.

सयाजीराव गायकवाडांना १८८१ साली पूर्ण अधिकार मिळाले, तेव्हा बडोद्यात गाणे, वाजवणे, नाचणे या गोष्टी दरबाराच्या एका खात्यात मोडत होत्या. या खात्याला कलावंत कारखाना म्हणत. जसा हत्तींचा, जवाहिराचा किंवा तोफांचा कारखाना, तसाच हा. त्यात गवई होते, बीनकार आणि सारंगिये होते, नाचणाऱ्या स्त्रिया होत्या, तमासगीर होते. कोणी कधी हजर राहायचे, रजा किती मिळायची, हुकूम मोडला तर दंड काय, हे सगळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापील नियमांत बांधले गेले. या व्यवस्थेत कलावंताला पगार होता, काहींना मोठा मानही होता. पण ऐकणारा एकच धनी होता, आणि त्याच्या मर्जीने जे दरबारात येतील ते त्याचे पाहुणे. शिकणाऱ्यांचेही तसेच. विद्या घराण्यात राहायची, बापाकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून गंडा बांधलेल्या शागिर्दाकडे जायची. बाहेरच्या माणसाला गाणे शिकावेसे वाटले, तर त्याला आधी एखाद्या उस्तादाची कृपा मिळवावी लागे, आणि ती वर्षानुवर्षे सेवा करूनही मिळेलच असे नव्हते. थोडक्यात, कला कोणापुढे सादर व्हायची आणि कोणी शिकायची, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे थोड्या माणसांच्या हातात होती.

यातल्या दुसऱ्या प्रश्नाला पहिला धक्का १८८६ साली बसला. त्या वर्षी मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली बडोद्यात गायनशाळा सुरू झाली. मौलाबक्ष हे विलक्षण गृहस्थ होते. उत्तरेचे गाणे त्यांच्या गळ्यात होतेच, शिवाय म्हैसूरकडे राहून त्यांनी कर्नाटक पद्धतीचाही अभ्यास केला होता, आणि दक्षिणेत गाण्याला शास्त्राची जी शिस्त दिसली तिचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. त्यांनी स्वरलिपी तयार केली आणि तिच्या आधाराने छापील क्रमिक पुस्तके काढली. इथे शिकायला घराण्यात जन्म घ्यावा लागत नव्हता. एका वर्गात अनेक मुले बसत, सगळ्यांपुढे एकच पुस्तक असे, आणि शिक्षक पगारी असे. घराण्याच्या अभिमान्यांनी तेव्हा घेतलेला आणि आजही घेतला जाणारा आक्षेप असा की, लिपीत लिहून आणि वर्गात बसवून गवई तयार होत नाही. तो खराच आहे. गायनशाळेने फैयाजखाँ घडवले नाहीत. ते आग्रा घराण्याच्या तालमीतून आले आणि दरबाराने त्यांना नेमले. पण गायनशाळेचे काम वेगळे होते. तिने ऐकणारे घडवले. सारेगम ओळखणारा, ताल मोजता येणारा, दोन-चार राग थोडे गाऊ शकणारा कारकून, मास्तर, वकील ही त्या काळी नवी गोष्ट होती. असा श्रोता असल्याशिवाय गाणे दरबाराबाहेर जगू शकत नाही. पुढे संस्थाने विलीन झाली आणि आश्रयदाते उरले नाहीत, तेव्हा देशभर शास्त्रीय संगीत तगले ते याच तिकीट काढून येणाऱ्या, कानाने थोडे शिकलेल्या माणसाच्या जोरावर.

पहिल्या प्रश्नाला, म्हणजे कला कोणापुढे मांडायची या प्रश्नाला, धक्का बसला तो कार्यक्रमांमधून. राजा रविवर्म्यांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पौराणिक विषयांवरची १४ चित्रे काढली. ती राजवाड्याच्या भिंतींवर चढण्याआधी लोकांना पाहण्यासाठी मांडली गेली आणि त्यांना मोठी गर्दी झाली. राजाच्या पैशाने काढलेले चित्र प्रजेने पाहायचे, ही कल्पना तेव्हा रुळलेली नव्हती. १८९४ साली बडोद्याचे संग्रहालय तयार झाले आणि तीच कल्पना कायमच्या इमारतीत गेली. मराठी वाचकांना परिचित असलेला भाग म्हणजे साहित्य संमेलने. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलने बडोद्यात भरली. गुजराती बहुसंख्य असलेल्या राज्याच्या राजधानीत ती भरू शकली, कारण सभा-परिषदा भरवण्याची सवय त्या शहराला लागली होती. या सवयीचे सर्वांत दूरगामी फळ १९१६ च्या मार्च महिन्यात दिसले. मुंबईचे वकील आणि संगीतशास्त्राचे अभ्यासक विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने आणि सयाजीरावांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यात झाली. भातखंड्यांनी उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासावरचा आपला निबंध तिथे वाचला. श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांतरांच्या, प्रश्नावर चर्चा झाली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि त्यांचे सहकारी क्लेमंट्स यांनी पुरस्कारलेली श्रुतींची मांडणी गवयांच्या प्रत्यक्ष गाण्याशी ताडून पाहण्याचा प्रयत्न झाला. उस्ताद आणि शास्त्री, गायक आणि वकील एका मांडवाखाली बसून गाण्याविषयी जाहीर वाद घालत होते. या परिषदेनंतर दिल्ली, बनारस, लखनौ अशा परिषदा झाल्या आणि त्या मालिकेतून १९२६ साली लखनौचे मॅरिस कॉलेज उभे राहिले. क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी परिषद झाली, मग महाविद्यालय आले. कार्यक्रमाने संस्थेला जन्म दिला.

इथे एक गंभीर आक्षेप घ्यायला हवा, कारण तो टाळून पुढे गेले तर हा इतिहास खोटा ठरेल. आक्षेप असा की, हे सगळे वरून खाली आलेले होते, आणि या सार्वजनिकतेची किंमत ज्यांनी मोजली त्यांना कोणी विचारले नाही. तंजावरच्या मराठा घराण्याशी संबंध असलेल्या लक्ष्मीबाई मोहिते १८८० साली सयाजीरावांशी विवाह करून पहिल्या चिमणाबाई म्हणून बडोद्यात आल्या. त्यांच्याबरोबर तंजावरहून नर्तकी, नट्टुवनार म्हणजे नृत्याचे गुरू आणि साथीदार आले. गौरा आणि कांतिमती या दोघींनी बडोद्याच्या दरबारात दीर्घकाळ नृत्य केले. चिमणाबाई १८८५ सालीच वारल्या, पण हे कलावंत बडोद्याचेच झाले. कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर पुढे विद्यापीठात भरतनाट्यम शिकवू लागले, आणि मध्यमवर्गीय घरांतल्या मुली पदवीसाठी ते नृत्य शिकू लागल्या. विद्या टिकली, पसरली, तिला प्रतिष्ठा मिळाली. पण ज्या परंपरेतल्या स्त्रियांनी ती शतकानुशतके अंगावर वागवली होती, त्या परंपरेला विद्यापीठाच्या रचनेत जागा नव्हती. नर्तकीचा मुलगा प्राध्यापक होऊ शकला. नर्तकीची जागा मात्र दुसऱ्या वर्गातल्या मुलीने घेतली. हे देशभर घडले, बडोद्यातही घडले, आणि ते नुकसान म्हणूनच नोंदवले पाहिजे. तरीही यावरून दरबारी व्यवस्था बरी होती असा निष्कर्ष निघत नाही. कलावंत कारखान्याच्या नियमांत या स्त्रिया नोकर होत्या. त्यांची कला धन्याच्या मर्जीवर जगत होती आणि धनी बदलला की मावळू शकत होती. खरा निष्कर्ष असा की, सार्वजनिक करण्याचे काम अर्धवट राहिले. शिकणाऱ्यांचे दार उघडले, शिकवणाऱ्यांचे सगळ्यांना उघडले नाही. पुढच्या पिढ्यांपुढे हे राहिलेले काम होते, आणि त्यातल्या काहींनी ते ओळखले, हे आपल्याला मेळ्याकडे आल्यावर दिसेल.

१९४९ च्या एप्रिलअखेर विद्यापीठ स्थापन झाले आणि लगेच मे महिन्यात बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. या दोन घटनांतले अंतर इतके थोडे आहे की, विद्यापीठाकडे संस्थानाचा वारसदार म्हणूनच पाहावे लागते. बडोदे कॉलेज, १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली निघालेले आणि दादासाहेब फाळके जिथे शिकून गेले ते कलाभवन, प्राच्यविद्या मंदिर, संगीताची शाळा, सगळे त्यात आले. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. त्या बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या; संविधान सभेत आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात काम केलेल्या. संगीत, नृत्य आणि नाट्य यांचे शिक्षण विद्यापीठाच्या पदवीपर्यंत नेण्याचे काम त्यांच्या कारकिर्दीत झाले, आणि १९५० साली ललित कला विद्याशाखा सुरू झाली. मार्कंड भट्ट तिचे पहिले अधिष्ठाता. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकलेला, शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांच्याकडे शिकलेले शंखो चौधुरी शिल्पकलेला. पुढच्याच वर्षी नंदलाल बोस आणि विनोदबिहारी मुखर्जी यांचे शिष्य के. जी. सुब्रमण्यन आले. मुंबईत १८५७ पासून सर ज. जी. कला विद्यालय होते. पण तिथून मिळे ती शासनाची पदविका, आणि विद्यापीठाशी तिचा संबंध नव्हता. बडोद्यात चित्रकाराला इतिहास, सौंदर्यशास्त्र, लेखन यांच्यासह पदवी मिळू लागली. चित्रकार हा नुसता हातांचा कसबी नाही, तो विचार करणारा नागरिक आहे, अशी ही मांडणी होती.

परंतु पदवीत एक धोकाही होता. दरबारी कला धन्यापुरती होती. विद्यापीठीय कला वर्गापुरती होऊ शकते. प्रवेश परीक्षा, ठरावीक जागा, गुणपत्रिका, आणि बाहेर पडल्यावर गॅलरी. या साखळीत सामान्य माणूस कुठेच येत नाही. दरबाराच्या जागी तज्ज्ञांचे छोटे मंडळ येते, एवढाच फरक. बडोद्याच्या शिक्षकांना हे सुरुवातीलाच जाणवले असावे, असे त्यांच्या कामाच्या पद्धतीवरून म्हणता येते. १९५६ साली शिक्षक आणि विद्यार्थी यांनी एकत्र येऊन बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स स्थापन केला. गुरूचे चित्र आणि शिष्याचे चित्र एकाच प्रदर्शनात लागू लागले. वर्षअखेरीला विद्यार्थ्यांची कामे परीक्षेसाठी आवारात मांडली जात आणि ती पाहायला बाहेरचे लोकही येत. परीक्षा ही परीक्षक आणि विद्यार्थी यांच्यामधली बंद गोष्ट न राहता सगळ्यांसमोर आली. १९६९ ते १९७३ या काळात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी 'वृश्चिक' हे छोटे मासिक चालवले. त्यात चित्रे होती, कविता होत्या, ललित कला अकादमीच्या कारभारावर परखड टीका होती. हे सगळे कार्यक्रम मिळून आवाराला सार्वजनिक जागा करत होते. आणि या सगळ्यांत मेळा सर्वांत पुढे गेला, कारण तो कलाप्रेमींच्याही पलीकडच्या माणसापर्यंत पोचला.

मेळ्याचे वर्ष समजून घ्यायला सुब्रमण्यन यांच्या त्याआधीच्या दोन वर्षांकडे पाहावे लागते. १९५९ ते १९६१ या काळात ते बडोदे सोडून अखिल भारतीय हातमाग मंडळात काम करत होते. देशातले विणकर, त्यांची नक्षी, त्यांचे बाजार, त्यांची अडचण त्यांनी जवळून पाहिली. ते परतले त्याच वर्षी पहिला मेळा भरला. हातमागाकडून परतलेला चित्रकार आपल्या विद्यार्थ्यांना खेळणी करायला लावतो, यात मला एक सलग विचार दिसतो. वर म्हटलेले अर्धवट राहिलेले काम इथे पुन्हा हाती घेतले गेले. कारागिराच्या घरी जन्म न घेतलेल्या विद्यार्थ्याने कारागिराची रीत शिकायची, साहित्याचा स्वभाव ओळखायचा, थोडक्या वेळात आणि थोडक्या पैशांत काम उतरवायचे, आणि ते अशा माणसापुढे ठेवायचे ज्याला चित्रकलेतले काही कळत नाही, पण आपल्या मुलाला काय आवडेल हे नेमके कळते. असा गिऱ्हाईक हा परीक्षकापेक्षा कठीण असतो. तो दया दाखवत नाही, सिद्धान्त ऐकत नाही. आवडले तर घेतो, नाही तर पुढच्या मांडणीकडे वळतो. मेळ्याच्या तयारीत शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी बसत, आणि त्या दिवसांत चित्रकार, शिल्पकार, छापकाम करणारा आणि कला-इतिहासाचा विद्यार्थी यांच्यातल्या भिंती पातळ होत. विषयांची जी सरमिसळ अभ्यासक्रमात कागदावर लिहून साधत नाही, ती अशा तयारीतून साधत होती.

यावर चित्रकारांकडून येणारा आक्षेप असा की, मेळ्याने कला स्वस्त होते. ज्या विद्यार्थ्याने आपली सगळी ताकद एका मोठ्या कामाला लावायची, तो आठवडेच्या आठवडे खेळणी करत बसला तर त्याची नजर लहान होईल. हा आक्षेप फोल नाही. बाजारात खपेल तेच करायची सवय लागणे ही खरी भीती आहे. पण पुरावा उलट सांगतो. मेळ्यांसाठी केलेली सुब्रमण्यन यांची खेळणी त्यांच्या मोठ्या कामापासून तोडता येत नाहीत. त्यांच्या मातीच्या उठावशिल्पांत आणि काचेवरच्या चित्रांत तोच मोकळा, थोडक्यात रूप पकडणारा हात दिसतो. कलेच्या वेगवेगळ्या पातळ्या एकमेकींवर जगतात, वरची पातळी तोडून वेगळी केली तर ती वाळते, हा विचार त्यांनी आपल्या लेखनातही सातत्याने मांडला. त्यांच्या विद्यार्थिनी मृणालिनी मुखर्जी यांनी तागासारख्या धाग्याला गाठी मारत मारत माणसाच्या उंचीची, दैवी वाटावीत अशी शिल्पे घडवली. गाठी मारणे ही घरगुती, हस्तकलेतली गोष्ट. तिचे शिल्प होऊ शकते हा विश्वास, हस्तकलेला कमी न लेखणाऱ्या वातावरणातच रुजू शकतो. पहिल्या तुकड्यांतले विद्यार्थी आणि पुढे तिथेच शिक्षक झालेले ज्योती भट्ट यांनी कॅमेरा घेऊन वर्षानुवर्षे गावोगावच्या भिंतींवरची, अंगणातली, अंगावर गोंदलेली चित्रे टिपली. त्यातली कितीतरी आता भिंतींवर उरलेली नाहीत, त्यांच्या छायाचित्रांत उरली आहेत. या तिघांची नजर लहान झाली असे कोणी म्हणू शकणार नाही.

दुसरा आक्षेप इतिहासकाराचा आहे. बडोद्याने नवे काय केले? शांतिनिकेतनात पौष मेळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भरत होता. वृक्षारोपण, वसंतोत्सव, वर्षामंगल हे सण रवींद्रनाथांनी आश्रमाच्या वर्षचक्रात गुंफले होते. १९३८ साली गुजरातेतल्या हरिपुऱ्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा नंदलाल बोसांनी मांडवांसाठी गावकऱ्यांना ओळखीच्या वाटतील अशा विषयांची शेकडो चित्रे करून घेतली होती. सुब्रमण्यन आणि शंखो चौधुरी ही परंपरा घेऊनच बडोद्यात आले. हे ऋण मान्य करायलाच हवे. पण जागा बदलली की गोष्टीचा अर्थ बदलतो. शांतिनिकेतन हा मोकळ्या माळावरचा आश्रम होता. तिथे जो येई तो आश्रमाच्या भावनेत सामील होण्यासाठी येई. बडोद्याचे आवार गजबजलेल्या शहरात आहे, सयाजीबागेच्या आणि रेल्वे स्टेशनच्या परिसरात. त्याच्या आसपास दुकानदार, गिरणी कामगार, सरकारी नोकर राहत होते, आणि त्यांना कोणत्याही ध्येयवादाशी कर्तव्य नव्हते. अशा माणसाला कलेपर्यंत आणणे हे वेगळे काम आहे. आश्रमाने उत्सवातून एक समुदाय घडवला; बडोद्याने मेळ्यातून अनोळखी नागरिकाशी ओळख करून घेतली. शांतिनिकेतनच्या कलाभवनातला नंदन मेळा १९७० च्या दशकात सुरू झाला, म्हणजे बडोद्याच्या मेळ्यानंतर. देणे-घेणे एकाच दिशेने झाले नाही.

नवरात्रात फाइन आर्ट्सच्या आवारात होणाऱ्या गरब्याकडेही मी याच दृष्टीने पाहतो. गेल्या काही दशकांत गुजरातच्या शहरांत गरबा मोठ्या मैदानांवर गेला. प्रवेशशुल्क आले, प्रायोजक आले, ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहिल्या. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गुजरातच्या गरब्याचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला, आणि तो सन्मान योग्यच आहे. पण यादीत नाव गेल्याने रीत टिकत नाही. ती टिकते कोणी तरी ती नीट चालवत राहिल्याने. या आवारातल्या गरब्याने जुन्या पारंपरिक गाण्यांशी नाते ठेवले आहे, आणि त्यात आजचे विद्यार्थी, जुने विद्यार्थी आणि शिक्षक एकाच वर्तुळात फिरतात. तिथे कोणी प्रेक्षक नाही, सगळेच कर्ते आहेत. राजाच्या एकट्या कानापासून सुरू झालेला प्रवास इथवर आला, की पाहणारा आणि करणारा हा भेदही उरला नाही. चित्रकला शिकणाऱ्या मुलांनी हा लोकोत्सव सांभाळावा हे मला अगदी स्वाभाविक वाटते. लोकपरंपरेला चित्रात उचलून घेणाऱ्याने तिच्यात सामील होऊन तिचे काही देणेही फेडले पाहिजे.

आता सर्वांत कठीण प्रश्न. आवार लोकांसाठी उघडले की लोकांचा राग-लोभही आत येतो. २००७ च्या मे महिन्यात परीक्षेसाठी मांडलेल्या एका विद्यार्थ्याच्या कामांवर बाहेरून आलेल्या मंडळींनी धार्मिक भावना दुखावल्याचा आक्षेप घेतला. विद्यार्थ्याला अटक झाली आणि त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या प्रभारी अधिष्ठात्यांना विद्यापीठाने निलंबित केले. देशभरच्या कलावंतांनी निषेध केला. २०२२ साली पुन्हा विद्यार्थ्यांच्या वार्षिक कामावरून वाद उठला आणि एका विद्यार्थ्याला विद्यापीठातून काढण्यात आले. यावरून कोणी म्हणेल की, सार्वजनिकतेचा आग्रह हाच चुकला; विद्यार्थ्याचे अपुरे, चाचपडणारे काम चार भिंतींत राहिले असते तर त्याला हे भोगावे लागले नसते. मी या मताचा नाही. दारे बंद करणे म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांची वाट उलटी चालणे. चूक दार उघडण्यात झाली नाही; दार उघडणाऱ्याने आत आलेल्या पाहुण्याला आवाराची रीत सांगितली नाही, आणि आपल्या विद्यार्थ्यामागे तो उभा राहिला नाही, ही चूक. पाहण्याचा हक्क सगळ्यांना आहे, नापसंतीचा आणि टीकेचाही आहे. शिकणाऱ्याला शिक्षा देण्याचा हक्क मात्र पाहणाऱ्याला नाही. १९१६ च्या परिषदेत श्रुतींवरून तीव्र मतभेद झाले, तेव्हा त्यांचा निकाल गाण्याने आणि युक्तिवादाने लावायचा होता. सार्वजनिक कलेची खरी शिस्त ती आहे, आणि विद्यापीठाने ती जपायची असते, कारण विद्यापीठ त्याचसाठी असते.

या इतिहासातून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी घेण्यासारखे काही आहे, असे मला कळकळीने वाटते. आपल्याकडे आवारातल्या कलेची कमतरता नाही. १९८७ पासून पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. १९५४ साली दिल्लीत पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव झाला आणि त्या कल्पनेतून आज विद्यापीठाविद्यापीठांत युवक महोत्सव होतात. एकांकिका स्पर्धांनी मराठी रंगभूमीला कितीतरी माणसे दिली आहेत. पण या बहुतेक ठिकाणी कार्यक्रमाची घडी स्पर्धेची आहे. समोर परीक्षक बसतो, मागे इतर महाविद्यालयांचे संघ बसतात, निकाल लागतो, करंडक जातो. स्पर्धेने तयारीला धार येते हे खरे, आणि ती मोडून टाकावी असे मी म्हणत नाही. मात्र स्पर्धेतला प्रेक्षक हा बहुतांशी स्पर्धकच असतो. आवाराबाहेरचे गाव त्यात क्वचितच येते. बडोद्याच्या मेळ्यात करंडक नव्हता, पण गाव होते. विद्यापीठांनी आपल्या वर्षक्रमात अशी एक तरी घटना बसवावी, जिथे शिकणारा आपले काम परीक्षकापुढे न ठेवता शेजारच्या वस्तीपुढे ठेवेल. तिच्या तयारीला श्रेयांक द्यावेत. शिक्षकांनी त्यात शेजारी बसून काम करावे. आणि ज्या परंपरागत कलावंतांकडून आपण घेतो त्यांना त्या दिवशी शिक्षक म्हणून मानाने बोलवावे, म्हणजे बडोद्यात अर्धे राहिलेले काम थोडे पुढे सरकेल. यासाठी नव्या इमारती लागत नाहीत, मोठे अनुदानही लागत नाही. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संस्थेत जी कला शिकवली जाते तिच्यावर समाजाचाही हक्क आहे, एवढे मान्य करावे लागते. ते मान्य केले, की कार्यक्रम अभ्यासाच्या आड येत नाही. तो अभ्यासाची कसोटी होतो.